आधी बांध, मग झोण: आपल्या कराचा खर्च आपणच ठरवावा का?

प्रश्न गोव्यातल्या पेडण्याच्या एका तरुणीचा आहे. ती पर्वरीत नोकरी करते. ती लिहिते: "माझ्या पगारातून आयकर कापला जातो, गावच्या घराची घरपट्टी बाबा भरतात. दोन्हींचा पैसा कुठे जातो ते आम्हाला कळत नाही. आपल्या करातला निदान दहावा हिस्सा कशावर खर्च व्हावा हे कर भरणाऱ्यालाच ठरवू दिलं तर काय बिघडेल? बाहेरच्या देशांत असं चालतं म्हणे."

चालतं, हे खरं आहे. तुमची मागणीही मला चुकीची वाटत नाही. मी पंचायत सचिव म्हणून पेडणे, बार्देश आणि डिचोली तालुक्यांत मिळून २९ वर्षं काढली. घरपट्टीच्या पावत्या फाडल्या, ग्रामसभांची इतिवृत्तं लिहिली, लेखापरीक्षकांसमोर वह्या ठेवल्या. पैसा कुठे जातो हे न कळण्याची चीड मी काउंटरच्या पलीकडे रोज पाहिली आहे. तरीही तुम्ही मांडलेल्या रूपात मी या मागणीला विरोध करीन, आणि थोड्या वेगळ्या रूपात तिच्यासाठी ग्रामसभेत उभा राहीन.

पहिली अडचण 'कर भरणारा' या शब्दांतच आहे. आयकर कापला जातो तोच कर भरणारा, असं आपण नकळत धरून चालतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या विकायला बसणारी बाई आयकर भरत नाही. पण साबणावर, मोबाइलच्या रिचार्जवर, मुलीच्या सायकलीवर ती जीएसटी भरते. बसच्या तिकिटातून डिझेलवरचा व्हॅटही तिच्याच खिशातून जातो. त्या कराची पावती तिच्या नावावर फाटत नाही, म्हणून खर्च कुठे व्हावा हे सांगायला तिच्या हातात कागद नसतो. उद्या आयकराच्या विवरणपत्रात निवडीची चौकट आली, तर ती फक्त विवरणपत्र भरणाऱ्यांची निवड असेल. कर मात्र सगळ्यांनी भरलेला असेल.

घरपट्टीचं आणखी गुंतागुंतीचं आहे. आपल्याकडे कितीतरी घरं आजोबांच्या नावावर असतात आणि आजोबा जाऊन ३० वर्षं झालेली असतात. मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीतल्या घरात राहणारा) ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहतो, त्याची नोंद भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या नावावर असू शकते. किनाऱ्याच्या पंचायतीत एखादं मोठं हॉटेल अख्ख्या वाड्याइतकी, म्हणजे गावातल्या एका वस्तीइतकी, घरपट्टी एकटं भरतं. रुपयाला एक मत असं गणित मांडलं तर त्या हॉटेलासमोरचा रस्ता दरवर्षी होईल. वाड्याच्या पाठीमागची पाऊलवाट कधीच होणार नाही.

आता बाहेरच्या देशांकडे वळू. इटलीत १९८५ च्या कायद्याने अशी सोय केली आणि १९९० पासून ती चालू आहे. आयकराच्या एकूण वसुलीतले हजारामागे आठ हिस्से बाजूला काढतात. ते सरकारच्या सामाजिक कामांना जावेत, कॅथलिक चर्चला जावेत की यादीतल्या दुसऱ्या धर्मसंस्थेला, हे करदाता विवरणपत्रावर सही करून सांगतो. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या योजनेत सह्या मोजतात, रुपये मोजत नाहीत. कारखानदाराची सही आणि प्राथमिक शिक्षकाची सही सारख्याच वजनाची. मला हे तत्त्व फार मोलाचं वाटतं. पण त्याच योजनेत एक मोठी फटही आहे. निम्म्याहून अधिक करदाते कुठेच सही करत नाहीत, आणि त्यांच्या वाट्याचा पैसाही सही करणाऱ्यांच्या प्रमाणात वाटला जातो. गप्प बसलेल्याचं वजन बोलणाऱ्याच्या पारड्यात पडतं.

पुढे २००६ मध्ये इटलीने दुसरी योजना आणली, हजारामागे पाचची. त्यात तुमच्या स्वतःच्या करातला हिस्सा तुम्ही निवडलेल्या संस्थेला, संशोधनाला किंवा तुमच्या नगरपालिकेला जातो. सरकारने मात्र एकूण रकमेवर कमाल मर्यादा घातली. त्यामुळे कित्येक वर्षं निवडलेल्या संस्थांना पाचाचे पूर्ण पाच मिळालेच नाहीत. निवड लोकांकडे असली तरी थैलीची नाडी सरकारकडेच राहते.

हंगेरीत १९९७ पासून आयकरातला एक टक्का आवडीच्या संस्थेला देता येतो, पोलंडनेही पुढे तसंच केलं. अमेरिकेत निवडणूक निधीसाठी विवरणपत्रावर तीन डॉलरची चौकट आहे. ती भरल्याने कर एक पैसाही वाढत नाही. तरी सुरुवातीच्या काळात पाव हिस्स्याहून अधिक लोक ती खूण करत, आणि आता हे प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली आलं आहे. निवड दिली की लोक उत्साहाने निवडतील, असं गृहीत धरू नका.

जपानचं उदाहरण आम्हा गोवेकरांना सगळ्यात जवळचं वाटावं. २००८ पासून तिथे शहरात राहणारा माणूस आपल्या मूळ गावाला किंवा आवडीच्या कुठल्याही गावाला देणगी देतो. २,००० येन सोडून बाकीची रक्कम, ठरावीक मर्यादेत, त्याच्या करातून वजा होते. कल्पना सुंदर होती. मुंबईत नाहीतर दुबईत बसलेला आपला माणूस गावच्या देवस्थानाला महाजन (वंशपरंपरागत सभासद) म्हणून दरवर्षी पैसे पाठवतो, तीच ही भावना. पण गावांनी देणगीदारांना परतभेटी द्यायला सुरुवात केली: खेकडे, उंची गोमांस, फळं, पुढे तर गावाशी संबंध नसलेली गिफ्ट कार्डंही. लोक गाव निवडेनात, भेट निवडू लागले. शेवटी २०१९ मध्ये कायद्याने भेटीची किंमत देणगीच्या ३० टक्क्यांच्या आत आणि वस्तू स्थानिकच, असं बंधन घालावं लागलं. २०२३ च्या आर्थिक वर्षात या मार्गाने एक लाख कोटी येनहून अधिक रक्कम फिरली, आणि योकोहामासारख्या शहरांना आपल्याच रहिवाशांच्या कराची मोठी रक्कम गमवावी लागली. त्या रहिवाशांची मुलं योकोहामातल्याच शाळांत शिकतात आणि कचरा योकोहामाच उचलते.

आता माझा स्वतःचा अनुभव. या विषयावरचं माझं मत तिथे बनलं.

शापोरा नदीच्या काठच्या एका पंचायतीत मी सचिव होतो. सरपंच धडपडे होते. घरपट्टीची वसुली नेहमी मार्चअखेरीस धावपळीत व्हायची. ती लवकर यावी म्हणून त्यांनी एक कल्पना काढली. मुदतीत घरपट्टी भरणाऱ्याने पावती घेताना काउंटरवरच्या वहीत पाच कामांपैकी एकापुढे खूण करायची. ज्या कामाला जास्त खुणा पडतील त्याला पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून ठरावीक रक्कम द्यायची. कामं अशी होती: पथदिवे, स्मशानभूमीची शेड, अंगणवाडीचं छप्पर, सुका कचरा ठेवायची शेड, आणि पावसाळ्यापूर्वी गटारं व व्हाळ (ओढे) साफ करणं. कायद्याने ती वही कुणावर बंधनकारक नव्हती. पंचायत मंडळाने ती पाळायची असं आपसांत ठरवलं होतं.

वसुली सुधारली, हे प्रामाणिकपणे सांगतो. मार्चपर्यंत थांबणारे डिसेंबरातच येऊ लागले. खूण करताना माणसं थबकायची, विचार करायची, घरी फोन लावायची. आपण भरलेल्या पैशाला आपला हात लागतो आहे, या भावनेची ताकद मी तेव्हा पाहिली. म्हणूनच तुमच्या प्रश्नाला मी सरळ नाही म्हणत नाही.

पण वहीतला निकाल बघा. सगळ्यांत जास्त खुणा पथदिव्यांना पडल्या, त्याखालोखाल स्मशानशेडला. कचऱ्याच्या शेडला फार थोड्या. गटारसफाईपुढे चार खुणा होत्या आणि चारही खालच्या वाड्यातल्या. त्या गावात वरच्या वाड्यातली गटारं तुंबली की पाणी खालच्या वाड्यात शिरतं. वरच्याला त्रास नव्हता, खालच्याकडे पुरेशा खुणा नव्हत्या. ठरल्याप्रमाणे दिवे लागले. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात खालच्या वाड्यातल्या घरांत पाणी गेलं.

पुढच्या ग्रामसभेत एक बाई उभ्या राहिल्या. त्यांचं घर मुंडकारी, घरपट्टीची नोंद भाटकाराकडे, त्यामुळे त्या वहीत त्यांना जागाच नव्हती. त्या म्हणाल्या, "रस्त्यावर उजेड केलात, चांगलं केलंत. आमच्या घरात गुडघाभर पाणी आहे, ते त्या उजेडात बघायचं का?" सभेत बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही खाली मान घालून इतिवृत्त लिहीत राहिलो, कारण ती यादी आणि ती वही मीच तयार केली होती.

पुढच्या वर्षी आम्ही वही बंद केली नाही, ती ग्रामसभेत नेली. शाळेतला फळा आणला. वर लिहिलं, वर्षाचं अपेक्षित उत्पन्न. त्याखाली जे टळत नाही ते: कारकून आणि शिपायाचा पगार, वीज, कचरा उचलण्याचा खर्च, चालू कामांची देणी. वजाबाकी करून खाली उरलेली रक्कम लिहिली तेव्हा लोक खरोखर चक्रावले. पंचायतीकडे किती थोडं मोकळं असतं हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. मग प्रत्येक कामापुढे दोन आकडे मांडले: एकदाचा खर्च आणि दरवर्षीचा देखभालीचा खर्च. मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येकाला एक हात. भाटकार, मुंडकार, भाड्याने राहणारा, सगळ्यांना एकच. गटारं आणि व्हाळ पहिल्या क्रमांकावर आले. उरल्या पैशांत दिव्यांची दुरुस्ती बसली.

ज्यांनी काउंटरवर एकट्याने खूण करताना दिवे निवडले होते, त्यांतल्याच बऱ्याच जणांनी सभेत गटारांसाठी हात वर केला. माणसं तीच होती. मधल्या काळात त्यांनी शेजारणीचं ऐकलं होतं आणि वजाबाकी डोळ्यांनी पाहिली होती.

हे एका खेड्यातलं आहे, त्यावरून जगाचा नियम निघत नाही. पण ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून वस्तीवस्तीत सभा घेऊन अंदाजपत्रकाचा भाग लोकांकडून ठरवून घेतला, तेव्हा गरीब वस्त्यांनी काय मागितलं? सांडपाण्याच्या वाहिन्या, पाणी, पक्के रस्ते. तिथे वस्तीची लोकसंख्या किती आणि त्या वस्तीत कशाची उणीव किती, यांनाही वजन दिलं जाई, म्हणून नुसत्या गर्दीच्या जोरावर मोठी वस्ती सगळं ओढून नेऊ शकत नसे. राजकीय पाठबळ सुटलं तशी ती पद्धत क्षीण झाली आणि २०१७ मध्ये स्थगित झाली, हेही तितकंच खरं आहे. आपल्याकडे केरळने १९९६ मध्ये योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपवून ग्रामसभांतून आराखडे करून घेतले. पुण्याच्या महापालिकेत २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातली कामं मागवण्याची पद्धत आहे.

गोव्याला मात्र हे शिकायला ब्राझीलला जायची गरज नाही. आपल्याकडे गावकारी होती, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीचा गावानेच चालवलेला कारभार. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटलं, १५२६ च्या फोरालमध्ये (सनदेत) तिचे रीतिरिवाज लिहून काढले, आणि १९६१ मध्ये, राजवट संपायच्या काही महिने आधी, तिची शेवटची संहिता केली. गावची शेतं, मळे, खाजनं (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची शेतं) यांची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची. त्या उत्पन्नातून पहिल्यांदा सरकारचा देय भाग जायचा. मग बांध आणि मानशी (बांधातली पाणी अडवायची-सोडायची दारं) यांची डागडुजी, देवळाचा खर्च, गावची सेवा करणाऱ्यांचा वाटा. हे सगळं भागल्यावर उरेल ते गावकरांत, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांत, वाटलं जायचं, तीच झोण. झोणीचे पैसे घरी नेऊन काय करायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. बांध राखायचा की नाही हे मात्र कुणा एकाने ठरवायचं नव्हतं. खाजनाचा बांध एका ठिकाणी फुटला तर खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं, आणि ते शेत पुन्हा गोडं व्हायला वर्षं जातात.

आधी बांध, मग झोण. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर याच क्रमात आहे.

गावकारीचा दोष झाकून ठेवणं मला पटत नाही. ठरवण्याचा हक्क गावकरांचा होता, आणि तो पुरुषवंशाने चालत आला. शेत कसणारं कूळ, भाटात राहणारा मुंडकार, घरातल्या बायका यांना त्या बैठकीत जागा नव्हती. बांधाला चिखल लावणारे हात त्यांचेच असायचे. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा आले ते या अन्यायावर. पण कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी गावकारीकडून कुळांच्या संघटनांकडे सरकली आणि बऱ्याच ठिकाणी बांधाला वाली उरला नाही. आज शापोरा, म्हादई, जुवारीच्या काठांनी खारं पाणी भरलेली जी खाजनं दिसतात, त्यांची कारणं अनेक आहेत, आणि हे त्यांतलं एक आहे. म्हणून मला दोन्ही गोष्टी हव्यात: बांध आधी येईल असा क्रम, आणि बैठकीत सगळ्यांना जागा. ज्याचा वाटा त्याचाच आवाज, हे तत्त्व पुन्हा आणलं तर आपण १९६४ च्या मागे जाऊ.

आणखी एक धोका आहे, हिशेब लिहिणाऱ्याला तो लगेच दिसतो. समजा सरकारने शाळांसाठी १०० कोटी ठेवायचं ठरवलं होतं. करदात्यांनी चौकटीत खुणा करून शाळांना १० कोटी दिले. आता अर्थखातं आपल्याकडून ९० च ठेवू शकतं. शाळांना पूर्वीइतकेच १०० मिळाले आणि मोकळे झालेले १० कोटी दुसरीकडे गेले. तुम्हाला वाटलं तुम्ही शाळा निवडलीत, प्रत्यक्षात तुम्ही काहीच बदललं नाहीत. यावर उपाय एकच: त्या खात्याचा आधीचा खर्च कमी करता येणार नाही, अशी किमान पातळी कायद्यात बांधून ठेवणं. ती नसेल तर चौकट म्हणजे कागदावरचं समाधान.

पैशाला नाव लावल्याने तो त्या कामाला पोचतो असं नाही, हे आपण उपकरांच्या बाबतीत पाहिलं आहे. २००४ पासून शिक्षण उपकर भरतो आहोत. २०१५ मध्ये स्वच्छ भारत उपकर आला, २०१६ मध्ये कृषी कल्याण उपकर, आणि जीएसटी आल्यावर ते दोन्ही गेले. देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०१८-१९ चा हिशेब तपासला. उपकरांतून सुमारे २.७४ लाख कोटी रुपये जमले होते, पण त्यासाठीच्या राखीव निधींत १.६४ लाख कोटीच वर्ग झाले होते. बाकी रक्कम सरकारच्या एकत्रित निधीतच राहिली. वर उपकराचा पैसा केंद्राला राज्यांशी वाटून घ्यावा लागत नाही. १५ व्या वित्त आयोगाने राज्यांना ४१ टक्के वाटा दिला, त्यातला गोव्याचा भाग ०.३८६ टक्के होता. उपकर आणि अधिभार या वाटपाच्या बाहेर राहतात.

पंचायतीपर्यंत येतानाही पैशाला वरूनच नाव लागलेलं असतं. त्याच आयोगाच्या अनुदानातले ६० टक्के बंधित होते, ३० टक्के पिण्याचं पाणी व पाण्याच्या संवर्धनासाठी आणि ३० टक्के स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के अबंधित, तेही पगारावर वापरता येत नव्हते. पाणी आणि स्वच्छता ही दोन नावं योग्यच होती. पण गावाची निवड मुळात किती अरुंद जागेत उरते हे यावरून कळेल.

आणि जे अजून जन्मलेच नाहीत, त्यांच्या वतीने खूण कोण करणार? डिचोलीत असताना हा प्रश्न मला रोज पडायचा. लोहखनिज एकदा काढलं की गेलं. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या खनिजासाठी कायमस्वरूपी निधी करायला सांगितलं आणि खनिजाच्या विक्रीतला १० टक्के भाग त्यात टाकायला लावला. येणाऱ्या पिढ्यांचा त्यात वाटा आहे, हा त्यामागचा विचार. त्या काळात खाणी बंद होत्या, ट्रक उभे होते, घराघरांत कर्जाचे हप्ते थकले होते. तेव्हा कुणी वहीत खूण करायला सांगितली असती तर ५० वर्षांनंतरच्या मुलांपुढे कुणी खूण केली असती असं मला वाटत नाही, आणि त्यासाठी मी त्या माणसांना दोष देणार नाही. काही पैशावर आज जिवंत असलेल्यांची निवड चालू नये, म्हणून तो कुलपात ठेवावा लागतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे कराचा पैसा राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ प्रमाणे एकत्रित निधीत जमा होतो आणि संसदेच्या किंवा विधानसभेच्या विनियोजन (खर्चाला मंजुरी देणाऱ्या) कायद्याशिवाय त्यातला रुपया बाहेर काढता येत नाही. म्हणजे विवरणपत्रातली चौकट अशक्य नाही, पण तिच्यात काय असावं हे शेवटी विधिमंडळच ठरवणार. इटलीसारखी धर्मसंस्थांची यादी मात्र आपल्याकडे बसणार नाही. एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी खास राखून ठेवलेला कर भरायची सक्ती कुणावर करता येत नाही, असं अनुच्छेद २७ सांगतो. देवळाला, चर्चला, मशिदीला आपण द्यायचं ते आपल्या खिशातून द्यावं, हेच बरं.

आयकरात एक अर्धी निवड आपल्याकडे आधीपासून आहे. आपण ८०जी म्हणून ओळखतो ती देणगीवरची सवलत. जुन्या पद्धतीने कर भरणारा ३० टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस ५० टक्के वजावट मिळणाऱ्या संस्थेला १०,००० रुपये देतो, तेव्हा त्याचा सुमारे १,५०० रुपये कर वाचतो. ते १,५०० सरकारचे होते आणि कुठे जावेत हे त्याने ठरवलं. नव्या पद्धतीत ही वजावट मिळत नाही. तुम्हाला एखाद्या संस्थेचं काम मनापासून पटत असेल तर हा रस्ता बघा. पण जास्त उत्पन्नवाल्याच्या देणगीत सरकारचा हिस्सा जास्त पडतो आणि मिरच्या विकणाऱ्या बाईच्या देणगीत शून्य, हेही त्यात आहेच.

मग तुम्ही काय मागावं? विवरणपत्रातल्या चौकटीसाठी लढण्यापेक्षा तुमच्या पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नापासून सुरुवात करा, असं मी सांगीन. घरपट्टी, धंद्याचे परवाने, बांधकाम परवान्यांचं शुल्क हा पैसा गावातच जमतो आणि गावातच खर्च होतो. ग्रामसभेत ठराव मांडा: अंदाजपत्रक बसवताना पगार आणि देणी यांच्यानंतर पहिली रक्कम देखभालीची, म्हणजे गटारं, व्हाळ, कचरा, असतील तिथे बांध. ती रक्कम गेल्या वर्षीपेक्षा कमी करायची नाही. मग जे उरेल त्यातला पाचवा हिस्सा लोकांच्या थेट निवडीला. निवड सभेतच, फळ्यावर हिशेब मांडून, मतदाराला एक मत. प्रत्येक कामापुढे देखभालीचा वार्षिक खर्च लिहिलेला हवा. त्याशिवाय लोक उघड्यावरची व्यायामशाळा निवडतात आणि तीन वर्षांत तिची यंत्रं गंजून पडतात. ज्या वाड्याला गेल्या पाच वर्षांत काहीच मिळालं नाही, त्याच्या कामाला थोडं जादा वजन द्या.

पाचवा हिस्साच का? मोठा ठेवला तर पंचांना हात आखडावे लागतील, आणि निवडून दिलेल्या माणसाने जबाबदारी घ्यायलाच हवी. अगदी लहान ठेवला तर सभेला कुणी येणार नाही. आकड्यावर माझा हट्ट नाही, क्रमावर आहे.

ग्रामसभेचे दोष मला तुमच्याहून जास्त माहीत आहेत. कोरमसाठी अर्धा तास थांबून तहकूब केलेल्या सभा मी शेकड्यांनी लिहिल्या. आरडाओरडा होतो, कंत्राटदाराची माणसं पुढच्या रांगेत बसतात, बायका दारात उभ्या राहून परत जातात. फळ्यावरच्या त्या सभेत गर्दी झाली, कारण ठरवण्यासारखं काहीतरी होतं. एरवी लोकांना ठाऊक असतं की ठराव होईल आणि फाइलीत जाईल. सभा रविवारी असते. पर्वरीला, पणजीला, वेर्ण्याला नोकरी करणारे तुमच्यासारखे दहा जण जरी वह्या घेऊन बसले तरी सभेचा सूर बदलतो, हे मी पाहिलं आहे. ग्रामसभेला कामांवर देखरेख समित्याही नेमता येतात. त्यांत नाव द्या, आणि निवडलेल्या कामाचं मोजमाप होताना तिथे उभ्या राहा.

ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या आधी पंचायतीकडे माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, म्हणून ऑगस्टअखेरीस टाका. तीनच गोष्टी मागा: गेल्या तीन वर्षांचं स्वतःचं उत्पन्न, त्यातला देखभालीवरचा खर्च, आणि गटारसफाई कोणत्या वाड्यात कोणत्या तारखेला झाली त्याच्या नोंदी. उत्तर हातात आलं की सभेला जाताना बाबांची घरपट्टीची पावती बरोबर घ्या आणि खालच्या वाड्यातल्या एकदोन बायकांनाही बोलावून आणा. त्यांना आधी बोलू द्या. मग तुमचा ठराव वाचा, आणि सचिवाने तो इतिवृत्तात तुमच्या शब्दांत लिहिला की नाही, हे सही होण्यापूर्वी बघा.